पोत्यात कोंडलेला धूप

अस्कालेचच्या नाकाला शहराच्या कडेला असलेल्या कालिटीतलं कॉफीचं अख्खं गोदाम टरकून होतं. सकाळी कॉफी निवडायला येणारी प्रत्येक बाई फाटकातून आत शिरताना श्वास रोखून धरायची, जणू श्वास रोखला की अंगाचा वासही आतच राहतो. अस्कालेच दारात उभी. निळा एप्रन, डोक्याला करकचून बांधलेलं फडकं आणि तोंडाचा पट्टा चालू. कांदा चिरून आलीस ना? जा, हात धू, साबणानं नको, राखेनं. केसांना लोणी थापलंस? थाप बाई, डोकं तुझं आहे, पण वरून दोन फडकी बांध आणि तिकडे टोकाला बस.

एकदा ब्रुकताईत नावाची नवी पोरगी साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी अत्तर लावून आली. अस्कालेचनं तिला फाटकातच अडवलं.

"एतिये, थेंबभरच आहे हो," पोरगी रडकुंडीला आली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळ्या तिला एतियेच म्हणायच्या. "त्यानं दिलंय. पहिलीच भेट आहे."

"मग त्यालाच हुंगू दे. माझ्या कॉफीनं हुंगलं तर ती परदेशात जाऊन कपाकपातून तुझ्या साखरपुड्याची बातमी देत बसेल."

बायका खो खो हसल्या. पोरगी डोळे पुसत परत गेली, तिचा दिवस बुडाला. अस्कालेचला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायचं तर हे काम करू नये, असं तिचं मत.

आणि खोटं काय होतं त्यात? कच्ची कॉफी असतेच मेली हावरट. भाजायच्या आधीचा तो हिरवट करडा दाणा शेजारी जे असेल ते पिऊन बसतो. डिझेल पितो, साबण पितो, भिंतीची ओल पितो. म्हणून पोती कधी जमिनीवर नाहीत, लाकडी फळ्यांवर. भिंतीपासून हातभर लांब. रिकामा कंटेनर आला की अस्कालेच एकटी आत जायची आणि बाहेरून दार लावून घ्यायला सांगायची. त्या मिट्ट काळोखात उभी राहून आधी छत आणि भिंती बघायची, सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी कंटेनर नापास. मग छाती भरून श्वास घ्यायची. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "ह्यातून मिरच्या गेल्यात." ड्रायव्हर मरियमची शपथ घेऊन सांगत होता, सिमेंट होतं म्हणून. कागद काढले तर मिरच्याच! तेव्हापासून ड्रायव्हर लोकही तिच्याशी जपून वागायला लागले.

पास झालेल्या कंटेनरला आतून जाड कागदाचं अस्तर लागायचं, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या जायच्या. पण अस्कालेचचा खरा जीव होता तो पोत्याच्या आतल्या पिशवीत. जाड, हिरवट प्लास्टिकची पिशवी. हवा आत जाऊ देत नाही, बाहेर येऊ देत नाही. दाणे भरले की तिचं तोंड पिळायचं, दुमडायचं आणि घट्ट बांधायचं. वरून तागाचं पोतं दाभणानं शिवायचं. पूर्वी नुसतं तागाचं पोतं असायचं. कॉफी इथून जिबूती बंदराच्या भट्टीसारख्या उन्हात, तिथून जहाजावर, चाळीस दिवस समुद्राची वाफ खाऊन उतरायची तेव्हा तिला पेंढ्याची चव आलेली असायची. ही पिशवी आणा म्हणून अस्कालेच मॅनेजरशी, आतो म्हणजे श्रीयुत बेझाबे यांच्याशी, तीन वर्षं भांडली.

"पोतं म्हणजे नुसता सदरा," ती म्हणायची. "हिला कातडी हवी. कातडीत घालून पाठवा, जशी इथून निघाली तशीच पोचेल."

शेवटी पिशव्या आल्या. म्हातारे बेझाबे कुरकुरले, पण तिच्या बोलण्यात तथ्य होतं हे त्यांनाही दिसलं.

यंदा त्या पिशव्यांमध्ये दोकामाची कॉफी जायची होती. दोकामा म्हणजे काफाच्या डोंगरातलं अस्कालेचचं माहेर. एकशे चाळीस घरं, आणि प्रत्येक घराच्या परसात झाडांच्या सावलीत कॉफी. आजवर ती कॉफी बाजारात जाऊन दुसऱ्यांच्या कॉफीत मिसळून जायची. कुठली, कुणाची, कुणाला पत्ता नसायचा. यंदा पहिल्यांदा एका परदेशी खरेदीदारानं नमुना चाखला आणि सगळाच्या सगळा माल मागितला, गावाच्या नावानिशी. पोत्यांवर निळ्या अक्षरांत छापून आलं: दोकामा. ह्या सगळ्यामागे धावला तो तिचा थोरला भाऊ मितिकू. दोन वर्षं दारोदार फिरून त्यानं लोकांना पटवलं, की नुसती लाल फळंच तोडा, जमिनीवर वाळवू नका, चटईच्या माच्यांवर वाळवा. म्हातारे त्याला हसायचे. "मितिकू, आता फळांना अंगाईपण म्हणायची का रे?" तो हसून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात उभा.

तर त्या मंगळवारी गोदामाच्या मधल्या फरशीवर दोकामाचा ढीग लागला. शेवटची निवड झालेली, एकेक दाणा एका मापाचा. नवा माल पोत्यात भरायच्या आधी सगळ्यांनी बसून कॉफी करायची, ही तिथली जुनी रीत. एरवी ती अंगणात पत्र्याखाली व्हायची. जमिनीवर हिरवं गवत, लाह्या, कोळशाची शेगडी, धुपाटण्यात धूप, आणि प्रत्येकीला तीन कप. पहिला कडक, दुसरा बेताचा, तिसरा जवळजवळ पाणीच. पण मान त्या तिसऱ्याचा. त्याला बरका म्हणतात, आशीर्वादाचा कप. तो न पिता उठणं म्हणजे ज्यानं ओतला त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. मरायला टेकलेला माणूससुद्धा बरका घेऊनच उठतो तिथे.

त्या दिवशी बाहेर वारं सुटलं होतं आणि धुळीनं डोळे उघडवत नव्हते. एमामा देस्ता धुपाटणं हातात घेऊन दारात घुटमळली. सत्तरीची म्हातारी, म्हणून सगळ्यांची एमामा, आजी; अस्कालेच हिच्याच शेजारी बसून दाणे निवडायला शिकली होती.

"पोरी, बाहेर कपात माती पडेल. आज राहू दे का?"

"राहू दे कसं?" अस्कालेच म्हणाली. "आत करा, एमामा. ढिगाच्या शेजारीच करा. माझ्या गावची आहे ती. तिलाही कळू दे, आपण तिला कशी सासरी पाठवतोय."

धूळ येऊ नये म्हणून तिनं स्वतः दार लावलं. एमामा देस्तानं मरियमचं नाव घेत धुपाटणं ढिगाभोवती तीनदा फिरवलं. पांढरा धूर छतापर्यंत गेला नाही, ढिगावरच रेंगाळला. अस्कालेचला आई आठवली, ओट्यावर बसून अशीच कॉफी करणारी, आणि तिला हुंदकाच फुटला. बायकांनी जिभा हलवून आनंदाची आरोळी दिली. तिसरा कप झाला तशा त्या बाह्या सारून उठल्या आणि फावड्यांनी पिशव्या भरायला लागल्या. तीनशेवीस पोती. प्रत्येक पिशवीचं तोंड अस्कालेचनं स्वतः ओढून पाहिलं. गुरुवारी कंटेनर भरला, सील लागलं, आणि तो मोजोच्या बंदरात गेला. मोजोला समुद्र नाही, पण कस्टम तिथेच होतं. तिथून पुढच्या मंगळवारी गाडी जिबूतीला निघायची होती.

रविवारी चर्चहून आल्यावर अस्कालेचनं एप्रनच्या खिशातून पुडी काढली. त्याच हिरवट प्लास्टिकच्या तुकड्यात मूठभर दाणे, तोंड पिळून बांधलेलं. मंगळवारी शेवटचं पोतं शिवताना तिनं ते लेकीसाठी बाजूला काढले होते. लेक रेकिक, बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. तिला दमा. डॉक्टरांनी तंबी दिली तेव्हापासून दोन वर्षं त्या घरात धूप पेटला नव्हता. अस्कालेच कुरकुरायची, की धुपावाचून कॉफी म्हणजे मिठावाचून शिरोचं पिठलं; पण लेकीपुढे काय चालणार? चर्चमध्ये जाऊन पोटभर हुंगून यायची झालं.

"उघड तू," ती म्हणाली. "मामाच्या हातची आहे. भाजायच्या आधी कच्चीचा वास घे. ओल्या वाटाण्यासारखा येतो बघ."

रेकिकनं गाठ सोडली, नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. तिला ठसका लागला.

"आई, ह्यात धूप ठेवला होतास?"

"काहीतरीच काय!"

"अगं, चर्चमध्ये शिरल्यावर येतो तसा येतोय." तिनं उठून पंप तोंडाला लावला, दोनदा ओढला. "मला कळतो तो. माझ्या छातीला आधी कळतो."

अस्कालेचनं पुडीत नाक खुपसलं. कॉफीचा वास. नेहमीचा, चांगला, घरचा वास. ती लेकीला झापणारच होती, तेवढ्यात तिला फडताळातली कापडी पिशवी आठवली. सणाला मितिकूनं पाठवलेली, ह्याच झाडांची कॉफी. तिनं ती काढली. एकदा इकडे हुंगलं, एकदा तिकडे. परत इकडे. कापडी पिशवीत वाटाणा होता, वाळलेलं गवत होतं, थोडा मध. पुडीत ते सगळं होतं आणि त्याच्यावर, दुधावरच्या सायीसारखा, धूप.

ती तिथेच शेगडीजवळ बसली.

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं लोण्याला, कांद्याला, डिझेलला, अत्तराला हाकलणाऱ्या बाईला धूप हा वास आहे हेच कधी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? पाळण्यात असल्यापासून कॉफी आणि धूप एकत्रच तिच्या नाकात गेले होते. गोदामातल्या साठ बायकांपैकी एकीलाही सुचलं नाही. धूप म्हणजे देवाचं, धूप म्हणजे कॉफीचंच अर्धं अंग. त्याला वास कोण म्हणतं?

"नुसत्या तागात असती तर उडून गेला असता गं," ती पुटपुटली. "महिनाभरात उडून गेला असता. पण मी ती पिशवी..." जी पिशवी तिनं भांडून आणली, ती आता आपलं काम चोख करत होती. जे आत होतं ते तसंच्या तसं पोचवणार होती.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मितिकूच. त्याच्या मागे अख्खं गाव गलका करत होतं.

"अस्कू! सुटली का बोट?"

"बोट कुठली गाशे, अजून मोजोतच आहे. मंगळवारी निघेल." थोरल्या भावाला ती गाशे म्हणायची.

"बरं ऐक, इथे वाळवणीच्या भिंतीवर गावाचं नाव रंगवलंय. पोत्यावर आहे तसंच, निळं. तो म्हातारा केबेदे, मला अंगाईवरून हसायचा ना, तोच बादली धरून उभा होता!" मागून कुणीतरी ओरडलं, दुसरं कुणी हसलं. "सगळे विचारतायत, अस्कालेचनं नीट बांधली ना? मी म्हटलं, तिच्या हातून मुंगी आत जाणार नाही."

"नीट बांधली, गाशे," ती म्हणाली. "अगदी घट्ट बांधली."

फोन ठेवल्यावर रेकिक तिच्याकडे बघत राहिली. "सांगितलं का नाहीस?"

"तू गप गं!" अस्कालेच लेकीवर खेकसली आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी फाटकात ती उभी राहिली, पण तिनं कुणाला हुंगलं नाही. बायका चक्रावून आत गेल्या. एमामा देस्ता आली तशी तिला तिनं बाजूला ओढलं आणि पुडी तिच्या नाकाशी धरली.

"कसला वास येतो?"

"कॉफीचा. दुसरा कसला येणार?"

"धुपाचा येतो, एमामा. सगळ्या मालाला लागलाय. त्या दिवशी आपण..."

म्हातारीचा चेहरा उतरला. मग तिनं डोळे वटारले. "धुपाचा म्हणे वास! अगं, ती प्रार्थना आहे. प्रार्थना कधी कशाला लागते का? आणि लागली तर चांगलंच की." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. इथे कुणाला कळलं नाही, तिथे कुणाला कळतंय? चाळीस दिवसांनी काय ते बघू. तेव्हा म्हणावं, जहाजात लागला."

हे तर अस्कालेचच्याही मनात रात्रभर घोळत होतं. जहाजात लागला. तिकडे कुणाला काय कळणार? ती मूग गिळून बसली असती तर कंटेनर दुसऱ्या दिवशी निघाला असता. खरेदीदाराकडे धुपाच्या आधीचा नमुना होता, पास झालेला. दोन महिने तरी भिंतीवरचं निळं नाव तसंच राहिलं असतं. पण दोन महिन्यांनी परदेशातलं एखादं नाक रेकिकसारखं मागे सरकलं असतं, आणि मग तो माणूस म्हणाला असता, दोकामाचे लोक एक दाखवतात आणि दुसरंच देतात. अस्कालेचचं नाव कुणाला ठाऊक होतं? पोत्यावर तिचं नाव नव्हतं. गावाचं होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, तिला ती टोचत होती. निवडायच्या बाकावर तिसऱ्या जागी ब्रुकताईत बसली होती. आता लग्न झालेली, पोटुशी. थेंबभर अत्तरासाठी हिचा दिवस बुडवला होता. तेव्हा किती ताठ मानेनं बुडवला होता!

ती आतो बेझाबेंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दार मी लावलं, आत करा असं मी म्हटलं, म्हातारीनं माझं ऐकलं. बेझाबेंनी पुडी हुंगली. परत हुंगली. चष्मा काढून डोळे चोळले.

"मला काही येत नाही."

"तुम्हाला नाही येणार, आतो बेझाबे. मलाही येत नव्हता. तुमच्या घरी रोज धूप पेटतो."

"अगं बाई, सील लागलंय. कागद गेलेत. मी आता गाडी थांबवली तर उघडून बघावं लागेल, खरेदीदाराच्या माणसाला बोलवावं लागेल. आणि तो नाही म्हणाला तर?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. वाईट नव्हते ते, घाबरट होते इतकंच. "एक काम कर. तू बाहेर जा. मी समजतो, तू आलीच नव्हतीस. पाहिजे तर अजूनही तसं समजतो."

अस्कालेच दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. त्या क्षणी ती बाहेर गेली असती तर तिला बोल लावणारा मी कोण? पण ती वळली.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "माझ्या नावावर थांबवा."

बुधवारी कंटेनर परत आला. स्वतः घातलेले टाके अस्कालेचनं स्वतःच उसवले. गुरुवारी खरेदीदाराचा माणूस आला. शहरातलाच, पण परदेशी जिभेसाठी चाखायचं काम करणारा, शांत, हडकुळा. त्यानं दर दहाव्या पोत्यातून दाणे काढले, भाजले, दळले, कपांची रांग मांडली आणि फुर्र फुर्र करत एकेक चाखत गेला. प्रत्येक कपापाशी थांबून वहीत एकच शब्द लिहिला, धूप. ढीग एकच होता, फावड्यांनी सगळा एक झालेला. वाचलेलं पोतं असं एकही नव्हतं.

"पसरून ठेवली तर?" अस्कालेचनं विचारलं.

"दोन महिने पसरावी लागेल. तोवर ती म्हातारी होईल." तो चमचा पुसत म्हणाला, "कॉफी वाईट नाहीये, बाई. माझ्या घरी मी आवडीनं पिईन. पण मी मागितली ती ही नव्हे." पुढच्या वर्षीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला की नमुना पाठवा, बघू, आणि ते बघू कसलं होतं ते सगळ्यांना कळलं.

त्याच संध्याकाळी बेझाबेंनी खाली मान घालून अस्कालेचला सांगितलं की दारावर आता दुसरी कुणी उभी राहील. निवडायच्या बाकावर जागा आहे, हवी तर. ती हो म्हणाली. शुक्रवारी ती बाकापाशी जाऊन उभी राहिली. ब्रुकताईत पोट सावरत थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली. अस्कालेचला ते टोमण्यांपेक्षा जड गेलं.

दुपारी मितिकू आला. बुधवारी तिनं फोनवर इतकंच सांगितलं होतं की मालाला वास लागलाय, गाडी परत आलीय. तो दीड दिवस बसमधून आला होता; डोळे लाल, खांद्यावर शाल, पायांत धुळीचे बूट. त्यानं तिची विचारपूसही केली नाही.

"कुठाय?"

उघड्या पोत्यांच्या रांगेत ती त्याला घेऊन गेली. त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला, ओंजळ भरली, नाकाशी नेली. त्याचे डोळे मिटले. तिला वाटलं आता हा ओरडेल. पण त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"अस्कू," तो म्हणाला, "ही तर आईच्या ओट्यावरची कॉफी."

अस्कालेच पायापाशी सांडलेले दाणे वेचायला लागली.

"अगं खरंच. डोळे मिटले तर आई इथे बसलीय. ह्यात बिघडलंय काय? ह्याच्याहून चांगला वास कुठला असतो?"

"त्यांना हा नको, गाशे. त्यांना नुसती कॉफी हवी."

"नुसती म्हणजे?"

तिनं सांगितलं. धुपाचा वास, आतली पिशवी, चाखणारा माणूस, सगळं. ही कॉफी आता इथल्याच बाजारात जाईल. नाव नसलेल्या पोत्यांत, इतर कॉफीत मिसळून. इथल्या घरांत भाजली जाईल, तिच्याशेजारी धूप पेटेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मितिकू ऐकत होता. ओंजळीतले दाणे बोटांतून एकेक करून पोत्यात पडत होते.

"कोणी केलं?" त्यानं विचारलं. आवाज एकदम बदलला होता. "कुठल्या गाढवानं उघड्या मालापाशी धूप पेटवला? मला दाखव. तुझ्यासारखी बाई दारात असताना?"

एमामा देस्ता काठी टेकत पुढे आली. "मी फिरवला, बाबा. मला म्हातारीला..."

"एमामाला मी सांगितलं," अस्कालेच मध्येच म्हणाली. "बाहेर वारं होतं. आत करा असं मी म्हटलं. दारही मी लावलं. मीच केलं, गाशे."

मितिकूनं हातातले उरलेले दाणे पोत्यात सोडले आणि तळहात झटकले. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, एक ठेवून दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"एकशे चाळीस दारं आहेत, अस्कू," तो म्हणाला. "आणि मी प्रत्येक दारात जाऊन म्हटलंय, माझी बहीण आहे तिथे. आता परत प्रत्येक दारात जायचंय. काय सांगू त्यांना?"

"सांग," ती म्हणाली, "सांग, अस्कालेचनं आशीर्वाद दिला म्हणून."

मग बायकांनी पाहुणा आला की करतात तेच केलं. अंगणात पत्र्याखाली गवत पसरलं, शेगडी पेटवली. धुपाटणं कोपऱ्यात पालथं पडलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही. एमामा देस्तानं कॉफी भाजली, कुटली, उकळली. ओतली मात्र अस्कालेचनं. भावाला कॉफी बहिणीनंच ओतायची.

पहिला कप मितिकूनं घेतला, साखर ढवळली, प्याला. चांगली झालीय, म्हणाला. दुसरा घेतला. त्यात त्यानं रेकिकची चौकशी केली, तिची छाती कशी आहे विचारलं. अस्कालेच म्हणाली, बरी आहे. तिला वाटलं, बोलतोय, म्हणजे होईल सगळं नीट, वेळ लागेल पण होईल. तिनं भांड्यात तिसऱ्यांदा पाणी घातलं, उकळी येईपर्यंत शेगडीला वारा घातला, आणि बरकाचा कप दोन्ही हातांनी त्याच्यापुढे केला.

मितिकू उठला. शाल खांद्यावर टाकली. नाव छापलेलं एक रिकामं पोतं त्यानं आधीच घडी करून काखेत धरलं होतं.

"निघतो," तो म्हणाला. "बस चुकेल."

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. अस्कालेच कप हातात धरून तशीच बसून राहिली. दुपारचे तीन वाजले होते. काफाकडे जाणारी बस पहाटे सुटते, दिवसातून एकच, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.